माती, पानं आणि वाकळ: सोलापुरात बायकांचा कलागट सुरू करायचा असेल तर

आमच्या गटात नवी बाई आली की पहिल्या दिवशी मी तिच्यापुढं एक परात ठेवते. परातीत कांद्याची सालं, डाळिंबाची वाळलेली टरफलं, बाभळीच्या शेंगा, झेंडूची सुकलेली फुलं, सगळं एकत्र कालवलेलं असतं. "अक्का, हे जरा निवडून देता का?" एवढंच विचारते. निवडायला कुणाला शिकवावं लागत नाही. तांदूळ निवडणारे, शेंगा फोडणारे, विडीची पानं कातरणारे हात आपोआप कामाला लागतात. पंधरा-वीस मिनिटांनी खांदे जरा खाली येतात. शेजारची कुणीतरी विचारते, "कुठनं आलात?" मी तिथंच त्या दिवशीचं काम थांबवते.

मारहाण, अत्याचार, जळीत, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, नवऱ्यानं टाकून देणं. अशा आघातातून गेलेल्या बायकांसोबत माती, पानं, झाडांचे रंग, कापड घेऊन काही करावं असं ज्यांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. चित्र काढता यायलाच हवं असं नाही. मला येत नव्हतं.

पुढं वाचण्याआधी दोन शब्द वेगळे करून ठेवा, सोसणं आणि सावरणं. सोसणाऱ्या बाईचं आपल्याकडं फार कौतुक होतं, आणि त्या कौतुकातच ती पुन्हा त्याच घरात ढकलली जाते. म्हणून "किती सहन केलंत हो" असं मी गटात कधी म्हणत नाही. सावरणं वेगळं. तोल जाणारा माणूस सावरतो तेव्हा त्याच्या हाताला काहीतरी घट्ट लागलेलं असतं. भिंत, झाडाचं खोड, शेजारच्या बाईचा दंड. ते घट्ट काहीतरी दर आठवड्याला, ठरल्या वेळी, हाताशी ठेवणं हे गटाचं काम.

आधी स्वतःशी ठरवा: हा उपचार नाही

कलेनं बरं वाटतं हे खरं, पण तुम्ही डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. एखादी बाई रात्र-रात्र झोपत नसेल, जेवण सुटलं असेल, जीव द्यायची भाषा करत असेल तर तिला रंग देऊन भागणार नाही. गट सुरू करण्याआधी हे नंबर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. हे बहुतेकींना माहीत नसतं. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा आहे. त्याखाली संरक्षण अधिकारी असतात आणि बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. सरकारच्या 'सखी' केंद्रात वैद्यकीय, पोलिस आणि वकिलाची मदत एका छताखाली मिळावी अशी योजना आहे. तुमच्या जवळच्या केंद्रात एकदा स्वतः जाऊन या, तिथल्या ताईंची ओळख करून घ्या. ओळखीच्या माणसाकडं पाठवणं आणि नुसता पत्ता हातात देणं यात फार अंतर आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देण्याआधी हे आठवा, आणि गटातल्या सगळ्यांना पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगून टाका.

जागा, वेळ, आणि घरातून निघताना सांगायचं कारण

सहा ते आठ जणी पुरेत. बारा झाल्या की दोन टोळकी पडतात आणि गप्प बसणारी आणखी गप्प होते.

जागेला बंद होणारं दार हवं, आणि दारातून रस्त्यावरच्या माणसाला थेट आत दिसायला नको. अंगण असेल तर उत्तम. बसायची जागा अशी मांडा की कुणाचीही पाठ दाराकडं होणार नाही. मार खाल्लेल्या बाईला पाठीमागून कोण येतंय हे दिसत नसेल तर ती सुई धरू शकत नाही.

वेळ ठरवताना बायकांना विचारा. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका असतील तर विड्या जमा करायची आणि पान आणायची वेळ सोडून गट ठेवावा लागतो. गणवेशाच्या शिलाई कारखान्यात जाणाऱ्यांना रविवारच सोयीचा. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारी चूल पेटवणं क्रूरपणा आहे. तेव्हा सकाळी सातला बसा, आणि फक्त टाके घाला.

घरी काय सांगायचं हा खरा प्रश्न असतो. "मन मोकळं करायला जाते" असं सांगून कुणालाच घराबाहेर पडता येत नाही. "वाकळ (गोधडी) शिवायला जाते" म्हटलं की चालतं. हे खोटंही नाही. गटाला नाव द्यायचंच तर शिवणाचं किंवा रंगकामाचं द्या. पीडित, अत्याचारग्रस्त असे शब्द पाटीवर, व्हॉट्सॲपच्या गटाच्या नावात, कुठंच नकोत. फोन नवराही बघतो.

आणि भाषा. आपल्याकडं एका ओळीत मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणाऱ्या बायका बसतात. मनातलं आतलं ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ द्या. सगळ्यांना कळलंच पाहिजे असा आग्रह धरू नका.

पहिले चार आठवडे: मातीचे रंग

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. पहिल्याच बैठकीत सगळ्यांना कागद दिले आणि म्हणाले, आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस काढा. एक बाई उठून बाहेर गेली, पायरीवर बसली, आणि नंतर कित्येक महिने फिरकली नाही. तिला त्या दिवसात पुन्हा ढकलण्याचा मला काय अधिकार होता? त्यानंतर नियम केला. कुणालाही दुःख काढायला सांगायचं नाही. माती चाळायला सांगायचं.

मातीपासून रंग करणं सोपं आहे आणि जवळजवळ फुकट आहे. प्रत्येकीनं आपल्या घराजवळची किंवा माहेरच्या शेतातली मूठभर माती आणायची. आपल्याकडं काळी कसदार माती, तांबूस-पिवळा मुरूम, नदीकाठची राखाडी पोयट्याची माती सहज मिळते. गेरू, काव आणि शाडू बाजारातून आणता येतात.

ढेकळं फोडा, खडे-मुळं काढा, पिठाच्या चाळणीनं चाळा. मग ती माती भांडंभर पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबा. जड रेती खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाकलं की तळाशी लोण्यासारखा गाळ उरतो. तो ताटात पसरून वाळवला, वरवंट्यानं बारीक केला की रंगाची पूड तयार.

ती कागदाला धरून ठेवायला डिंक लागतो. बाभळीचा डिंक एक वाटी, कोमट पाणी दोन वाट्या, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. त्यात दोन लवंगा टाकल्या तर बुरशी लवकर धरत नाही. थोडा मध घातला तर रंग वाळल्यावर फार ठिसूळ होत नाही. पूड आणि डिंकाचं पाणी बोटानं कालवा. ब्रश नंतर. आधी बोटं.

काळ्या मातीचा जाड थर वाळला की त्याला भेगा पडतात. आपल्या शेतात उन्हाळ्यात पडतात तशाच, कारणही तेच. ही माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आक्रसते. नव्या बायका घाबरून म्हणतात, ताई, बिघडलं. बिघडलेलं नसतं. भेग नको असेल तर मातीत थोडी बारीक रेती मिसळायची, थर पातळ द्यायचा. हवी असेल तर जाड द्यायचा. ज्या बाईच्या आयुष्यात तिच्या हातात फारसं काही राहिलेलं नाही तिला एवढी एक गोष्ट पूर्ण तिच्या मनाप्रमाणं करता येते, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

काय काढायचं ते विचारू नका, सुचवू नका. बहुतेक जणी आधी रांगोळीचे ठिपके काढतात, तुळस काढतात, विहीर काढतात. चार आठवडे तेवढंच झालं तरी पुष्कळ.

बाहेर पडणं

महिन्यातून एकदा गटानं बाहेर जावं. लांब नको. विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, सिद्धेश्वर तलावाचा काठ, तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव, किंवा कुणाच्या तरी शेताचा बांध. सकाळी गर्दी नसताना जा. कोण कुठल्या रस्त्यानं यायला घाबरतं ते आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारा. एखादीला ठरावीक चौकातून जायचंच नसतं, आणि त्याचं कारण तिनं सांगायची गरज नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यालाही एकदा जरूर जा, फक्त पाहायला. १९७९ साली झालेलं हे अभयारण्य म्हणजे गवताळ माळ आहे, आणि आपण ज्याला 'ओसाड' म्हणतो तो माळ किती जिवंत असतो ते तिथं समजतं. काळवीट दिसतात, चंडोल ऐकू येतो. तिथून काडीही उचलायची नाही. तो नियम आहे, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथं असतात.

इतर ठिकाणी खाली पडलेलं उचला. झाडावरचं तोडायचं तर मालकाला विचारून. आणि हे नीट लक्षात ठेवा: कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि धोतरा विषारी आहेत. त्यांना गटाच्या सामानात जागा नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. गाजरगवताची ॲलर्जी अनेकांना होते, अंगावर चट्टे उठतात, खाज सुटते. लहान मुलं सोबत येणार असतील तर दुप्पट जपा.

हंगामाप्रमाणं काय मिळतं ते वर्षभरात कळत जातं. पावसाळ्याच्या शेवटी बांधावर तरवड पिवळा फुललेला असतो. दसरा-दिवाळीनंतर झेंडूच्या माळा उतरतात. देवळातलं निर्माल्य मागून घ्या, आनंदानं देतात. होळीच्या सुमाराला पळस. डाळिंबाची सालं रसवाल्यांकडून. कांद्याची सालं तर आपल्याकडं काय, सोलापूरच्या बाजारसमितीत कांद्याचे ट्रक उभे असतात त्या दिवसांत हमालबायकांना सांगितलं तर पोतंभर सालं मिळतात.

गटात कुणाचं शेत असेल तर येळवस चुकवू नका. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची खोप करतात, आत पाच पांडव मांडतात, आंबिल आणि भज्जी होते. मातीला, पिकाला हात जोडायचा हा दिवस बायकांच्या अंगवळणी आहे. आमच्या गटात त्या दिवशी कागद-रंग काही नसतं. प्रत्येकीनं रानातली एक वस्तू उचलून खोपीसमोर ठेवायची, मांडणी करायची, आणि निघताना ती तिथंच सोडून यायचं. विधवा, टाकलेली, कुणालाही या मांडणीत हात घालायला मज्जाव नाही. हे मी मोठ्यानं सांगते, कारण घरच्या पूजेत तिला मागं बसवलेलं असतं.

एक मात्र टाळा. "बघा, हा तरवड दुष्काळातही फुलतो, तुम्हीही तशाच" असली वाक्यं. ऐकायला गोड असतात, पण बाईला वाटतं, म्हणजे मी आणखी दुष्काळ सोसायचा का? झाडाशी आपलं नातं काय ते तिचं तिला सापडू द्या. सापडलं नाही तरी बिघडत नाही. नुसती सावलीही पुरते.

कापड रंगवणं

यासाठी कोरा मांजरपाट घ्या. आपल्या गावात कापडाला तोटा नाही. टॉवेलच्या कारखान्यातलं बिनरंगी कातरणही चालतं, फक्त सुती असायला हवं.

कोऱ्या कापडाला खळ असते. ती काढल्याशिवाय रंग चढत नाही. पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर उकळा, पाणी पिवळट होईल, मग स्वच्छ धुवा. त्यानंतर हिरडा. शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम हिरड्याची पूड, गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवायचं, न धुता पिळून सावलीत वाळवायचं. मग तुरटी, शंभर ग्रॅमला पंधरा ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून कापड तीन-चार तास बुडवून ठेवायचं. हिरडा आणि तुरटी नसेल तर सुती कापडावरचा रंग दोन धुण्यांत उतरतो. इथं घाई केली की नंतर बायकांचा विरस होतो.

कांद्याची सालं कापडाच्या वजनाइतकी घ्या. तासभर उकळून पाणी गाळून घ्या, त्यात ओलं कापड सोडा, मंद आचेवर पाऊण तास ठेवा आणि त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या. सकाळी सोनेरी-तांबूस रंग आलेला असतो. डाळिंबाच्या सालीत तुरटपणा मुळातच भरपूर असतो, तिला हिरडा नाही दिला तरी चालतो. तिचा रंग मोहरीसारखा पिवळा. झेंडूचा उजळ पिवळा.

काळपट रंगासाठी लोखंडाचं पाणी करून ठेवा. गंजके खिळे, जुन्या नालांचे तुकडे, मूठभर गूळ, दोन लिटर पाणी, प्लास्टिकच्या डब्यात. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. दोन-तीन आठवड्यांत पाणी काळपट होतं आणि वासही येतो. डाळिंबात रंगवलेलं पिवळं कापड या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत करडं होतं, आणखी ठेवलं तर जवळजवळ काळं. हे पाहताना गटात नेहमी शांतता पसरते. पण लोखंड जपून, जास्त झालं तर सुती धागा कुजतो. मिनिट-दोन मिनिटं पुरतात.

भांडी स्वयंपाकाची नकोत. जर्मनचं जुनं पातेलं चालेल, स्टीलचं उत्तम, पण त्यात पुन्हा कधी अन्न शिजवायचं नाही. बोअरचं जड पाणी रंग मळकट करतं, म्हणून पावसाळ्यात पिंपभर पाणी धरून ठेवा. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात आपण राहतो, तेव्हा एका दिवशी एकच घाणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रंगकामाला चूल किंवा शेगडी लागते, आणि तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी कुणी भाजलेली असू शकते. अंगावर डाग दिसतीलच असं नाही. शेगडी अंगणात, बसायच्या जागेपासून लांब ठेवा. पेटवण्याआधी मोठ्यानं सांगा, "आता शेगडी पेटवते आहे." ज्यांना नको त्यांनी आत बसून दोरे गुंडाळावेत. रॉकेल, स्पिरिट आवारात नकोच. आमच्याकडं एक बाई दोन वर्षं शेगडीकडं पाठ करून बसायची. तिला कुणी कधी बोलावलं नाही.

कापड तासभर शिजत असतं तेव्हा मोबाइलवर चित्रं दाखवते. सोनाबाई रजवार यांचं काम पहिल्यांदा. छत्तीसगडच्या सरगुजा भागातल्या पुहपुत्रा गावच्या या बाई. लग्नानंतर नवऱ्यानं सुमारे पंधरा वर्षं त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. त्यांनी घरातल्या घरात मातीचे पक्षी, प्राणी, माणसं केली, लहानग्या मुलाला खेळायला. बांबूच्या गोल कड्यांवर माती लिंपून जाळ्या केल्या, त्यातून घरात ऊन-सावली खेळायला लागली. शिकवायला कुणी नव्हतं. पुढं भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राच्या लोकांना ते घर दिसलं आणि १९८३ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ साली त्या गेल्या. ही गोष्ट सांगितल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो: "मग नवऱ्यानं नंतर बाहेर सोडलं का?" पुरस्काराबद्दल कुणी विचारत नाही.

फ्रीडा काहलोचं १९४३ चं 'मुळं' हे चित्र दाखवते. अठराव्या वर्षी बसच्या अपघातात शरीर मोडलेली ही मेक्सिकोची चित्रकार त्यात भेगाळलेल्या माळावर आडवी झाली आहे, छातीतून वेली फुटून जमिनीवर पसरल्या आहेत. आमच्या बायकांना तो माळ ओळखीचा वाटतो. "मंगळवेढ्याकडचा दिसतोय" असं एकीनं म्हटलं होतं. आना मेंदिएता ही कलाकार बाराव्या वर्षी क्युबातून आईवडिलांशिवाय अमेरिकेत पाठवली गेली. १९७३ ते १९८० या काळात तिनं गवतात, वाळूत, चिखलात आपल्या शरीराचे ठसे उमटवले. तिची हीच मालिका दाखवा. तिचं काही काम थेट अत्याचाराबद्दल आहे, ते गटात दाखवण्यासारखं नाही. आणि चिलीच्या बायका. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं गायब केली गेली त्यांनी गोणपाटावर चिंध्या शिवून त्या काळाची चित्रं केली. मागं बहुधा आंदीज पर्वत आणि सूर्य असतोच. चिंध्यांतून एवढं सांगता येतं हे कळल्यावर वाकळेकडं बघायची नजर बदलते.

कुणी बोलायला लागली तर

बोलणं येतं ते हातात काम असताना, मान खाली असताना. जात्यावर बसलेल्या बाईनं सासरचं सगळं ओवीत का घातलं ते यातून समजतं. घरघर चालू, हात गुंतलेले, समोर डोळ्याला डोळा नाही. म्हणून गोल करून एकमेकींकडं तोंड करून बसवू नका. लांब चटईवर शेजारी शेजारी बसवा.

ती बोलली तर काम थांबवू नका, मान वर करून बघत राहू नका. "मग पोलिसात का नाही गेलात?", "मुलांकडं बघून राहायचं", "माझंही असंच झालं होतं" या तिन्हीपैकी काहीही नको. "ऐकते आहे" एवढं म्हणा. सांगून झाल्यावर विचारा, आता काही करायला हवंय, की नुसतं सांगायचं होतं? उत्तराप्रमाणं पुढं जा.

कधी एखादी मधेच थिजते. डोळे एका जागी लागतात, हाक ऐकू येत नाही. घाबरू नका, न विचारता हात लावू नका. तिचं नाव घ्या, कुठं आहोत ते सांगा: "आपण अंगणात बसलोय, आज मंगळवार आहे, मी इथंच आहे." पाय जमिनीवर टेकवायला सांगा. गार पाण्याचा तांब्या हातात द्या, ओली माती द्या, कडुलिंबाचं पान चुरगाळून वास घ्यायला सांगा. आजूबाजूला दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घेऊ द्या. पुष्कळदा यानं माणूस परत येतो. वारंवार होत असेल तर १४४१६ किंवा डॉक्टर.

गट संपताना दहा मिनिटं राखून ठेवा. चहा, शेंगाचटणी, कडक भाकरी, जे असेल ते. मन उघडं असताना कुणालाही थेट रिक्षात बसवू नका.

आणि तुम्हीही कुणाशी तरी बोला. आठवडाभर दुसऱ्यांचं ऐकून माझी झोप उडाली होती तेव्हा मी स्वतः समुपदेशकाकडं गेले. ते आधीच करायला हवं होतं.

वाकळ

तीन-चार महिन्यांनी रंगीत कापडाचा ढीग साचतो. मग वाकळ घ्या. पहिली अख्खी नको. फूटभर चौकोन, तीन थर: खाली जुनं धोतर किंवा साडी, मधे चिंध्या, वर आपलं रंगवलेलं कापड. कडेनं कच्चा टाका घालून थर पक्के करा, मग धावदोरा कडेपासून आत, चौकोनात चौकोन, मधोमध येईपर्यंत. टाका गव्हाच्या दाण्याएवढा. हे आपल्या आज्यांना येत होतं, गटातल्या म्हाताऱ्या बाईला शिकवायला सांगा. तिला कितीतरी वर्षांनी कुणी काही विचारलेलं असतं.

जुन्या साडीचा प्रश्न येतो. कुणाला त्या दिवशी नेसलेली साडी फाडायची असते, कुणाला मेलेल्या आईची साडी कापवत नाही. दोन्ही बरोबर. कात्री तिच्याच हातात द्या. आमच्याकडं एकीनं लग्नातली साडी आणली, तीन महिने पिशवीत तशीच घरी नेली-आणली, शेवटी फक्त काठ काढला आणि लोखंडाच्या पाण्यात काळा करून कडेला लावला. का, ते तिनं सांगितलं नाही.

धावदोऱ्यानं पानं, नदी, वारूळ, काहीही काढता येतं. चुकलेला टाका उसवू द्या. उसवून पुन्हा घालणं हेही कामच आहे, वेळ वाया गेला असं म्हणू नका.

लोकांना दाखवायचं का?

घाई करू नका. प्रदर्शन झालं की पाहुणे येतात, भाषणं होतात, आणि बाईच्या वाकळेपेक्षा तिच्या जखमेची चर्चा जास्त होते. निदान वर्षभर काम आतच राहू द्या.

नंतर दाखवायचं ठरलं तर प्रत्येकीला एकटीला विचारा, सगळ्यांसमोर नाही. हो म्हटलेली बाई शेवटच्या दिवशीही नाही म्हणू शकते. वाकळेखाली "पीडितेची कलाकृती" अशी चिठ्ठी नको. कापड कशात रंगवलं ते लिहा: कांदा, डाळिंब, लोखंड. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव नसलं तरी फोटो, गल्ली, नातं यांवरून ती ओळखता येऊ नये. चेहरे सोडाच, हातांचे फोटोही विचारल्याशिवाय काढू नका. हातावर गोंदण असतं, भाजल्याची खूण असते, आणि घरचे ती ओळखतात.

विकलं तर पैसे तिच्या हातात, जमल्यास तिच्या एकटीच्या खात्यात. गटाच्या खर्चासाठी कापायचे असतील तर किती ते आधी ठरवून सगळ्यांना सांगा. खर्च तसा फार नसतो. मांजरपाट, हिरडा, तुरटी, सुया, दोरे, चहा.

न विकलेल्या वाकळा पावसाळ्याआधी दोन दिवस उन्हात घाला, पण लोखंडाचं कापड सावलीत. मग घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवून जुन्या साडीत बांधा. गाठोड्यावर नाव नको, प्रत्येकीला आपल्या दोऱ्याचा रंग ठाऊक असतो. आणि रिकामं पोतं घेऊन कांद्याच्या सालींसाठी एखादी चक्कर बाजारसमितीत मारून या, पुढच्या परातीला लागतील.